बिनमिठाचा मासा

"तुज्या त्या म्हातारीला एक फोन लाव गो," मंजुळामावशी म्हणाली, आणि मी हातातली पिशवी उगाचच दुसऱ्या हातात घेतली. आगर बाजारातली तिची जागा वीस वर्षं तीच आहे, आत शिरलं की डावीकडची तिसरी, आणि वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेते. मी परदेशी गेले की ती शेजारणीला सांगते, आमची मेघना आता अमुक देशात हाय, आणि देशाचं नाव तिला बहुतेक वेळा बरोबर येतं. "कुठल्या म्हातारीला?" मी विचारलं, जणू माझ्या ओळखीत अशा चार-पाच म्हाताऱ्या आहेत. "नार्वेची ती. तुना बोलली ना, मीठ लावू नको म्हणून." बोलता बोलता तिने सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं, हात पाण्यात बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. एका बाईने त्याच कामातल्या दुसऱ्या बाईला माझ्याकरवी काही विचारावं, इतकंच होतं. "तिला इचार, वरळीच्या मंजुळाचं काय चुकलं. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा सडलं."

झालं होतं ते असं. दिवाळी अंकात माझा नॉर्वेवरचा लेख आला होता. तिथे उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा उघड्यावर, लाकडी मांडवांवर, अजिबात मीठ न लावता वाळवतात, त्याबद्दल. लेख सगळ्यांना आवडला, मलाही फार आवडला, आणि त्या आनंदात मी एक अंक मावशीला नेऊन दिला. मासळीवरचं आहे म्हणून. देताना मनात थोडा मोठेपणा होता हे कबूल करते. मावशीला वाचता येत नाही. तिची सून रंजिता बारावी झालेली आहे, तिने दुपारी वाचून दाखवलं. एकदा नाही, चार वेळा. त्या लेखात, मांडवाखाली काम करणाऱ्या एका म्हातारीशी मी तासभर बोलत बसले असं लिहिलं होतं, आणि मी निघताना ती म्हातारी मला म्हणते: ज्या बाईचा हात चांगला असतो, तिचा मासा मिठाशिवाय वाळतो. हे वाक्य लोकांनी उचललं. कोणी पत्रात लिहिलं, कोणी सकाळच्या शुभेच्छांबरोबर मोबाइलवर फिरवलं, आणि प्रकाशकाने ते येणाऱ्या पुस्तकाच्या मागच्या पानावर घ्यायचं ठरवलं. मंजुळामावशीने मात्र ते करून पाहिलं.

करून पाहिलं म्हणजे कसं, ते तिने पुढची पाच मिनिटं मला सांगितलं, आणि मी माणसांच्या धक्क्यात उभी राहून ऐकत होते. पहिल्यांदा तिने जाड मांसाचे शिंगाळे घेतले, कारण बोंबलाला एवीतेवी मीठ लागत नाही, तो पाण्यासारखा, उन्हात चार दिवसांत दोरीसारखा होतो. परीक्षा बघायची तर जाड्या माशाचीच. शेपटीला शेपटी बांधून जोडीने टांगले. "आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवतो. ते लोक डोकंच काढतात, मग जबडा कुठला आणायचा? म्हणून शेपटी. हुशार हायत." हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी ते मांडव पाहिले होते, फोटो काढले होते, शेपट्या बांधतात हे लिहिलंही होतं, पण का बांधतात हा प्रश्न डोक्यात आला नव्हता. तिसऱ्या दिवशी मासा आतून सुटला. दुसऱ्या वेळी तिने पाठीच्या काट्यापर्यंत चीर दिली, वारा आत जावा म्हणून. तिसऱ्या वेळी जानेवारीतला सर्वांत गार आठवडा निवडला, ऊन चुकवून समुद्राच्या बाजूला सावलीत टांगले आणि माश्या बसू नयेत म्हणून वरून जुनं जाळं दुहेरी करून पांघरलं. रोज दोनदा नाकाशी धरून पाहिलं. मी तेवीस देश पाहिले, सतरा वह्या भरल्या, आणि एकही गोष्ट कधी तीनदा तपासली नाही. हिने वरळीच्या खडकावर उभं राहून माझ्या एका वाक्यासाठी तीन वेळा वेगवेगळी अक्कल लावली होती. "मग आता मी वलांडीला हात नाय लावत," ती म्हणाली. बांबू रोवून वर दोऱ्या ताणलेली, मासे टांगायची जी जागा असते, ती वलांडी. "बोंबील पन रंजिताच करते. उतरला असंल हात. वय झालं ना." बस चुकली म्हणून सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी "बघते, विचारते" असं काहीतरी पुटपुटले आणि निघाले.

पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला मी बराच वेळ उभी होते. हिरवा होऊन परत लाल झाला. विचारायचं कुणाला? ती म्हातारी होती. अगदी खरोखर होती, हे मी स्वतःला बजावत होते. पिवळा रबरी एप्रन, डोक्याला निळा रुमाल, बुटांवर खवले. पण मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी त्या बेटांवर एका सहल कंपनीच्या बसमधून गेले होते, कंपनीची पाहुणी लेखिका म्हणून, बरोबर एकोणीस प्रवासी. बस मांडवांपाशी थांबली, दार उघडलं आणि वास आत आला. तो वास काय होता हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, हितेंद्रलाही नाही, आणि तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे फार नाहीत. तो वास वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीचा होता. रविवारची दुपार, रात्रपाळीहून आलेले बाबा झोपून उठलेले, आणि आई स्टोव्हच्या जाळावर सुके बोंबील धरतेय. बाबा, आनंदा नाव त्यांचं, मूळचे देवगडकडचे, गिरणीत साच्यावर कापड विणणारे. बोंबील भाजायचा वास आला की ते न बोलता पाट मांडून बसायचे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं त्या बसमध्ये. उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ, अंगात तीन स्वेटर, आणि मला इतकी भूक लागली की डोळे भरून आले. वाटलं, उतरावं आणि धावत जावं.

आणि शेजारच्या डॉक्टरबाईंनी रुमाल नाकाला लावला. मागून कुणीतरी "शी, काय हे" म्हणालं, कुणी दार लावायला सांगितलं. मी पर्समधून रुमाल काढला आणि नाकाला लावला. मला वास सहन होत नव्हता म्हणून नव्हे. मला तो कसा वाटतोय हे त्यांना कळू नये म्हणून. त्रेपन्नाव्या वर्षी, पासपोर्टची चौथी पुस्तिका भरत आलेली असताना, मला चाळीतली मुलगी म्हणून दिसायचं नव्हतं. दादरला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई काही न बोलता उठल्या होत्या आणि त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली होती, तेवढ्यावरून मी सुकी मासळी घरात आणायची सोडली. त्या बिचाऱ्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीच समजले, आणि आजतागायत समजतेच आहे. तर रुमाल नाकाशी धरून मी काचेतून पाहत होते, आणि त्या बाईने वर पाहिलं. तिने एकामागोमाग एकोणीस-वीस रुमाल पाहिले असणार. पण मला वाटलं, ती माझ्याकडेच पाहतेय. हातातली माशांची जोडी तिने खाली ठेवली, हात एप्रनला पुसले, आणि ती मांडवाच्या पलीकडे, आम्हाला दिसणार नाही अशा बाजूला निघून गेली. बस सुरू झाली. सगळं मिळून चार मिनिटं.

हॉटेलच्या खोलीत मी लिहायला बसले तेव्हा मला तिची माफी मागायची होती, असं आता वाटतं. पण माफी मागायची तर रुमाल लिहावा लागला असता. म्हणून मी तिच्याशी तासभर गप्पा मारल्या. तिला हसवलं, तिच्या हातची कॉफी प्याले, तिला नातवंडं दिली, आणि शेवटी तिच्या तोंडी ते वाक्य घातलं. ते लिहिताना मला बरं वाटत होतं. खोटं लिहिताना इतकं बरं वाटतं हे कुणी लेखक सांगत नाही. हात चांगला असला की मीठ लागत नाही, हे कुठून आलं? कुठूनच नाही. कानाला गोड लागलं. आर्क्टिक वृत्ताच्या आतला वारा, पाणी गोठेल न गोठेल अशी थंडी, माशीचं नाव नाही, म्हणून तिथे मासा मिठाशिवाय वाळतो. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. पण माहितीपत्रकातलं वाक्य पुस्तकाच्या मागच्या पानावर कोण छापणार?

आठ दिवस मी आगर बाजाराकडे फिरकले नाही. सिटीलाइटजवळच्या बाजारातून मासे आणले, आणि हितेंद्रला पहिल्याच घासाला कळलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, शांत, व्यवहारी माणूस. मी त्याला अर्धंच सांगितलं, की बाईशी बोलणं झालं नव्हतं. रुमाल नाही सांगितला. "अगं मग सोपं आहे," तो म्हणाला. "सांग की फोन केला होता, ती म्हणाली तिकडची थंडी लागते, मुंबईत नाही जमायचं. ते खरंच आहे ना? मावशीचंही समाधान, पुस्तकही निघेल." त्यात चूक काढता येत नव्हती. मी त्या रात्री नीट झोपले. सकाळी मात्र वाटलं, इतक्या सहज झोप लागली हे काही ठीक नाही. पण तेच सांगायचं ठरवून मी टॅक्सी केली आणि वरळी कोळीवाड्यात गेले. बाजारात, दहा माणसांत खोटं बोलायला नको, तिच्या घरी बोलावं, एवढी सभ्यता मी पाळली.

कोळीवाड्याची गल्ली माझ्या पायांना माहीत आहे. लहानपणी चाळीतून चालत इथवर यायचो, नारळी पौर्णिमेला. आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की अजून एकाला भिंतीला चिकटावं लागतं. मावशी ओट्यावर बसली होती, आणि पलीकडे खडकालगतच्या मोकळ्या जागेत रंजिता बोंबील टांगत होती. एक बोंबील डाव्या हातात, एक उजव्या, जबड्यात जबडा, दोरीवर टाकला की पुढचा. चांगला हात होता तिचा. पण ती प्रत्येक जोडीकडे बघत होती. मावशी हे काम करताना मी पूर्वी पाहिलं आहे. ती कुणाशी तरी भांडत असायची, किंवा मला तिच्या भावाच्या लग्नाची गोष्ट सांगत असायची, आणि जोड्या आपोआप दोरीवर जात असायच्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, मधलं अंतर असं की वाऱ्याने एकही दुसऱ्याला चिकटत नसे. दोनशे जोड्यांत एक खाली पडलेली मी पाहिली नाही. तिचे ते हात आज मांडीवर होते. काहीच करत नव्हते. तिचे हात रिकामे पाहायची मला सवय नव्हती, आणि मला ते बघवेना.

"बोललीस?" तिने विचारलं. "बोलले," मी म्हणाले. "ती म्हणाली, तिकडे थंडी फार असते. मुंबईच्या हवेत नाही होणार. तुझं काही चुकलं नाही, मावशी." मी हे छान म्हटलं. आवाज कुठे अडला नाही. मावशीने मान हलवली. "थंडीचं मना ठावं हाय गो. ते मना पहिल्या डावालाच समजलं. पन ती हाताचं बोलली व्हती ना? हात चांगला आसंल तर. त्या टायमाला थंडीचं नाय बोलली ती. का नाय बोलली? तिला काय म्हायती नसंल? सगळा जन्म त्यातच गेला तिचा." मावशी आत गेली आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी घेऊन आली. "हे तिला धाड. गेल्या वर्षीचे बोंबील हायत, माज्या हातचे. म्हनावं, भाजून खा आनि सांग. माशाचं काम करनारी बाय खोटं नाय बोलनार. ती बोलली उतरला, तर उतरला. मग मी रंजिताला सांगून मोकळी व्हते." पुडी तिने माझ्या हातात ठेवली.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय येऊन गेलं ते नोंदवून ठेवते, कारण ते फार शोभेचं नाही. पहिल्यांदा आलं की पुडी घ्यावी, आठ दिवसांनी येऊन सांगावं की म्हातारीने खाल्ले, जगात असा हात नाही म्हणाली. मावशी खूश होईल, उद्या वलांडीवर उभी राहील. वाक्यही तयार झालं, चांगलं वाक्य, मागच्या पानावर घालण्यासारखं. मग लक्षात आलं, की ही बाई एका अनोळखी बाईचा शब्द मानायला निघालीय, केवळ ती आपल्या कामातली आहे म्हणून, आणि तो शब्द पुन्हा मीच देणार, जिने तीस वर्षं घरात सुका मासा आणलेला नाही. मला स्वतःची इतकी किळस आली की मी ओट्यावर खाली बसले.

"मावशी, ती बाई माझ्याशी बोललीच नाही," मी म्हणाले. मग बस, डॉक्टरबाई, रुमाल, सगळं सांगितलं. बाबांचं भाजलेल्या बोंबलाचं सांगितलं. रंजिता काम थांबवून जवळ येऊन उभी राहिली होती. तिच्यासमोर सांगावं लागलं याची लाज वाटली, पण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. मावशी ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू बदललं. "म्हनून वास नाय लिवलास," ती शेवटी म्हणाली. "मी रंजिताला बोलली पन व्हती. एवढी मासळी टांगलीय आनि वास कसा नाय?" समोर खाडीत एक होडी वळत होती. "त्या बायेला काय वाटलं असंल," ती म्हणाली, आणि त्यानंतर, अगदी हळू, "मग हाताचं कोन बोललं?"

"मीच."

"तुना काय म्हायती हाताचं?"

तिने दिल्या असत्या तर मी चार शिव्या आनंदाने ऐकल्या असत्या. पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "दोन महिने," ती रंजिताला म्हणाली. "दोन महिने मी रोज सकाळी उठून माजा हात बघते. वास बघते, नखं बघते. कुठं काय बिघडलं." रंजिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जिथं छापलंस तिथंच छाप. मंजुळाचा हात चांगला हाय. माजं पुरं नाव घाल, वरळी कोळीवाडा घाल. आनि रुमालाचं बी. सगळं. मना वाचून दाखव, तवा तू माज्या दारात ये."

संपादक म्हणाले, याची काय गरज आहे, वाचक विसरले. प्रकाशक विसरला नव्हता, तो दुखावला. लेख पुस्तकातून काढला तेव्हा त्याने त्या लेखावरून ठेवलेलं पुस्तकाचं नाव बदलावं लागेल म्हटलं, आणि पुस्तक आता पावसाळ्यानंतर निघेल, निघालं तर. मासिकाने शेवटी मार्चच्या अंकात मला एक पान दिलं. त्या एका पानाला मला सतरा दिवस लागले, तो वास लिहायलाच नऊ. इतक्या देशांत फिरून मी जे शिकले नव्हते ते त्या नऊ दिवसांत शिकले, असं मला वाटत होतं, आणि अंक हातात घेऊन मी कोळीवाड्यात गेले. रुमालाच्या वाक्यांपाशी मावशी काय म्हणेल, वासाच्या परिच्छेदाला तिचा चेहरा कसा होईल, हे मी टॅक्सीत दहा वेळा पाहिलं होतं. मी स्वतः वाचणार होते, पण रंजिताने अंक घेतला आणि ओट्यावर बसून मोठ्याने सुरू केलं. पहिलंच वाक्य मावशीचं होतं, मी ते सर्वांत वर ठेवलं होतं: वरळी कोळीवाड्यातल्या श्रीमती मंजुळा विठोबा तांडेल यांचा हात चांगला आहे, आणि तो चांगला नसल्याचं सुचवणारं जे वाक्य मी दिवाळी अंकात लिहिलं, ते खोटं होतं.

"परत वाच," मावशी म्हणाली. रंजिताने परत वाचलं. "तांडेल बरोबर छापलंय?" छापलं होतं. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि रंजिताने अर्धवट सोडलेल्या बोंबलांच्या पाटीकडे चालत गेली. एक बोंबील डाव्या हातात, एक उजव्या. "आई, पुढं लय हाय अजून," रंजिता म्हणाली. "वासाचं हाय, रुमालाचं हाय. ऐकनार नाय?"

"ते मेघनाचं हाय," मावशी पाठमोरी म्हणाली. "तिला वाचून दाखव."